कंडेन्सिंग बॉयलरच्या सांडपाण्याचा निचरा: पाइप, उतार, ट्रॅप आणि गोठणं

कातळ

कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही घर तापवायला वापरणारा बॉयलर) बसवताना गॅसची लाइन, धुराडं आणि रेडिएटर यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. बॉयलरच्या बुडातून निघणारी प्लॅस्टिकची बारीक नळी मात्र शेवटी जिथे जागा मिळेल तिथून वळवली जाते. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडतो तो बऱ्याचदा याच नळीमुळे. २०१० च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये असे बॉयलर मोठ्या संख्येनं बंद पडले. यंत्रं ठणठणीत होती, बाहेरच्या भिंतीवरचे निचऱ्याचे पाइप गोठले होते. म्हणून हा विषय एका जागी नीट लिहून ठेवावा, यासाठी हा धागा.

आधी पाण्याचा हिशेब. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की कागदोपत्री साधारण १.६ लिटर पाणी तयार होतं. धुराचा दवबिंदू ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. रेडिएटरकडून परत येणारं पाणी त्याहून थंड असेल तरच वाफ बॉयलरच्या आत द्रवरूप होते, नाहीतर धुराड्यातून निघून जाते. २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण ताकदीनं चालला तर प्रत्यक्षात तासाला दोनेक लिटर पाणी धरून चाला. एकदम पाहिलं तर हे थोडं आहे. पण ते थेंबाथेंबानं, दिवसरात्र आणि नेमकं थंडीतच येतं.

हे पाणी आम्लधर्मी असतं. गॅसच्या बॉयलरच्या पाण्याचा पीएच साधारण ३.५ ते ४.५ दरम्यान असतो. धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पाण्यात विरघळल्यामुळे असं होतं. तेलावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये गंधकाची भर पडते, तिथे आम्लता आणखी जास्त. हाताला लागलं तर धुऊन टाकावं, एवढंच. पण तांबं, पितळ, साधं लोखंड आणि सिमेंट ते हळूहळू खातं. म्हणून पाइप प्लॅस्टिकचाच: कडक पीव्हीसी, एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन. घरात तांब्याचा तुकडा शिल्लक आहे म्हणून तो मध्ये जोडू नका.

पाणी कुठे सोडायचं? सर्वांत चांगलं म्हणजे घराच्या आतूनच जाणाऱ्या मैलापाण्याच्या उभ्या पाइपला. ते जमत नसेल तर स्वयंपाकघरातल्या सिंकची किंवा वॉशिंग मशीनची वेस्ट लाइन. त्यानंतर बाहेरचा गली ट्रॅप (जाळी बसवलेलं, आत पाणी साठलेलं गटाराचं तोंड), आणि काहीच जमलं नाही तर शोषखड्डा. फक्त पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या आणि पुढे ओढ्या-नदीला मिळणाऱ्या पाइपला हे पाणी जोडायचं नाही.

मापं: घरात २१.५ मिमी बाह्य व्यासाचा पाइप चालतो. भिंतीबाहेर किमान ३२ मिमीचा हवा. उतार दर मीटरला निदान ४५ मिमी. बाहेरची लांबी ३ मीटरच्या आत. तुमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत यापेक्षा कडक माप दिलं असेल तर ते पाळा.

हेमगर्भ

उत्तम धागा. एक प्रत्यक्षातली मांडणी विचारतो. बॉयलर आतल्या भिंतीवर आहे, २१.५ मिमीचा पाइप भिंतीतून बाहेर जातो आणि उत्तरेच्या भिंतीवरून साडेचार मीटर जवळजवळ आडवा धावून गली ट्रॅपवर संपतो. मध्ये चार काटकोनी एल्बो, आवरण नाही. नुसतं आवरण चढवून भागेल का?

पाणाडी

नाही भागणार. आवरणामुळे गोठायला वेळ लागतो, गोठणं थांबत नाही. आतलं पाणी हलत नसेल तर रात्रभरात आवरणातूनही गारठा पोचतो.

गोठतं कसं ते पाहा. पाणी धार लागून येत नाही, पाइपच्या तळावरून पातळ ओघळ सरकतो. उतार कमी असला की तो ओघळ रेंगाळतो, तळाशी बर्फाची पापडी धरते, पुढचा ओघळ तिच्यावर गोठतो. थरावर थर चढून पाइप बंद होतो. २१.५ मिमीच्या पाइपला ते एका रात्रीत होऊ शकतं. काही बॉयलरच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठवून वायू अडवणाऱ्या भागात) सायफन असतो. तो पाणी साठवून ठेवतो आणि ठरावीक पातळी आली की एका दमात सोडतो. त्यामुळे धोका बराच कमी होतो, तरी उताराला पर्याय नाही.

साडेचार मीटरला मीटरमागे ४५ मिमी म्हणजे दोन टोकांत २० सेंटिमीटरचा फरक लागतो. बॉयलरच्या नळीपासून गलीपर्यंत तेवढी उंची आहे का, हे आधी मोजा. आणि त्याही आधी आतल्या बाजूनं एखादी वेस्ट लाइन गाठता येते का ते शोधा. सिंकच्या कपाटामागून गेलेला सहा मीटरचा पाइप बाहेरच्या दोन मीटरपेक्षा बरा.

बाहेरूनच न्यायचा असेल तर काम असं:

मोठा पाइप भिंतीच्या बाहेर सुरू करू नका. २१.५ वरून ३२ मिमीचा बदल घराच्या आत, उबेत करा आणि भिंतीच्या भोकातून ३२ चाच पाइप बाहेरच्या दिशेनं उतरता काढा. भिंतीच्या जाडीतलाच पाइप सपाट राहिला, किंवा आतल्या बाजूला कलला, असं फार ठिकाणी दिसतं. बाहेरचा सगळा उतार मग वाया जातो.

पाइप बाहेर आला की शक्य तितक्या लवकर उभा खाली सोडा आणि आडवी धाव जमिनीलगत ठेवा. उभ्या पाइपात पाणी थांबत नाही.

काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड वापरा. पाइप सरळ काटकोनात कापा आणि आतल्या कडेचे कंगोरे चाकूनं किंवा कानशीनं साफ करा. हे बारीक काम सगळे टाळतात. त्या कंगोऱ्यात शेवाळासारखा बुळबुळीत गाळ अडकतो आणि तिथूनच तुंबायला सुरुवात होते. सोल्व्हंट सिमेंट (प्लॅस्टिकचे जोड चिकटवायचा द्रव) लावताना ते जोडाच्या आत ओघळून कडं तयार होणार नाही एवढंच लावा.

आडव्या पाइपला दर अर्ध्या मीटरवर क्लिप. त्यापेक्षा लांब अंतरावर पाइप उन्हाळ्यात झोळ धरतो आणि हिवाळ्यात त्या झोळात पाणी उभं राहतं.

उतार तपासायला एक मीटरची लेव्हल पट्टी घ्या, खालच्या टोकाशी ४५ मिमी जाडीचा ठोकळा पट्टी आणि पाइपच्या मध्ये ठेवा. बुडबुडा मध्यावर आला की उतार बरोबर. डोळ्यांनी उतार मापू नका. विटांच्या ओळी आपल्याला फसवतात.

शेवटचं टोक ४५ अंशात तिरपं कापा, म्हणजे तोंडाशी थेंब लोंबकळून गोठत नाही. टोक गलीच्या जाळीच्या खाली पण पाण्याच्या पातळीच्या वर हवं. जाळीच्या वर सोडलं तर वाऱ्यानं गोठतं आणि पाण्यात बुडवलं तर गलीतल्या बर्फानं बंद होतं.

या सगळ्यानंतर आवरण. बाहेरचं आवरण पाणी न शोषणारं आणि ऊन सोसणारं घ्या. भिजलेलं फोमचं आवरण उलट गारवा धरून ठेवतं. बेंड आणि जोड उघडे ठेवू नका.

शिशिर

याला एक जोड. उंचीच मिळत नसेल तर तापणारी केबल हा पर्याय आहे. स्वतःचा थर्मोस्टॅट असलेली आणि निचऱ्याच्या पाइपसाठी बनवलेलीच घ्या, पाइपच्या तळाच्या रेषेवर सरळ बांधा आणि तिच्यावरून आवरण चढवा. वीज गेली की ती बंद, हे गृहीत धरा. उताराची चूक झाकायला ती वापरू नये.

दीपमाळ

गोठण्यावर भरपूर चर्चा होते. माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट ट्रॅपची आहे, कारण तिथे चूक झाली तर जिवावर बेततं.

बॉयलरमधला पंखा ज्वलनकक्षात दाब तयार करतो. निचऱ्याची नळी त्याच कक्षाला जोडलेली असते. जळलेला वायू त्या नळीतून घरात येऊ नये म्हणून मध्ये ट्रॅप असतो आणि त्यातलं उभं पाणी दार बंद ठेवतं. या पाण्याची उंची साधारण ७५ मिमी किंवा त्याहून जास्त असते. ट्रॅप कोरडा असेल तर धूर, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, निचऱ्याच्या पाइपातून सिंकखाली किंवा खोलीत येऊ शकतो.

म्हणून नवा बॉयलर चालू करण्याआधी, ट्रॅप साफ केल्यावर, आणि बॉयलर महिनोन्‌महिने बंद राहिला असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी ट्रॅप पाण्यानं भरलेला आहे याची खात्री हवीच. नव्या जोडणीत तंत्रज्ञ धुराड्याच्या तपासणीच्या तोंडातून पाणी ओततो आणि ते खालून वाहतं का ते पाहतो. त्यात दोन्ही गोष्टी तपासल्या जातात: ट्रॅप भरतो आणि वाट मोकळी आहे हेही कळतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॉयलरच्या खोलीत असायलाच हवा.

ट्रॅप वर्षातून एकदा साफ करावा. तो बॉयलरच्या सीलबंद आवरणाच्या आत असेल तर हात लावू नका. ते आवरण उघडायचा अधिकार आणि मोजमापाची साधनं परवानाधारक तंत्रज्ञाकडेच असतात. खाली बाहेरच्या बाजूला फिरवून काढता येणारी वाटी असेल, आणि पुस्तिकेत ते काम वापरणाऱ्यासाठी दिलेलं असेल, तर क्रम असा: बॉयलर बंद, वीजपुरवठा बंद, थंड होऊ द्या. खाली बादली. वाटी सरळ धरून फिरवून काढा, नाहीतर आतलं पाणी खालच्या वायरिंगवर सांडतं. गाळ ओता, वाटी आणि मधली नळी साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा. रबरी रिंग चिरलेली किंवा चपटी झालेली असेल तर बदला. वाटी काठोकाठ स्वच्छ पाण्यानं भरा आणि भरलेलीच परत बसवा. मग वीज. सुरुवातीची दहा मिनिटं जोडाभोवती कोरडा कागद फिरवून ओल येते का पाहा.

गाळाचा रंगही बरंच सांगतो. ॲल्युमिनियमच्या हीट एक्स्चेंजरमध्ये (धुराची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) पांढरट-करडा, जेलीसारखा गाळ सापडतो. स्टेनलेस स्टीलच्यात तपकिरी, रवाळ. थोडा गाळ स्वाभाविक आहे. सहा महिन्यांत वाटी भरत असेल तर ज्वलनाची आणि एक्स्चेंजरची तपासणी करून घ्या.

हेमगर्भ

सिंकच्या लाइनला जोडायचं ठरलं तर सिंकच्या ट्रॅपच्या आधी की नंतर?

कातळ

दोन्ही चालतं, पण दोन ट्रॅप एकापाठोपाठ बंद पाइपनं जोडायचे नाहीत. बॉयलरच्या ट्रॅपमधलं पाणी आणि सिंकच्या ट्रॅपमधलं पाणी यांच्यामध्ये हवा कोंडते. थेंबाथेंबानं येणाऱ्या पाण्याला ती हवा ढकलायची ताकद नसते, पाणी मागे चढतं आणि बॉयलर गुरगुरू लागतो. बॉयलर बिघडला म्हणून सुटे भाग बदलले जातात आणि दोष पाइपातच राहतो.

सिंकच्या ट्रॅपच्या आधी जोडायचं तर मध्ये उघडी हवा हवी: बॉयलरची नळी एका उभ्या, वरून उघड्या पाइपच्या तोंडात मोकळी सोडा, म्हणजे कोंडलेल्या हवेला वाट मिळते. ट्रॅपच्या नंतर जोडायचं तर बॉयलरचा स्वतःचा ७५ मिमीचा ट्रॅप आहे हे पक्कं करून थेट वेस्ट पाइपला वरच्या बाजूनं जोड द्या, तळाशी नाही. सिंकमधलं तेलकट पाणी नळीत शिरून थिजलं की ती बंद होते.

उंच इमारतीत मैलापाण्याच्या उभ्या पाइपात वरून मोठा लोंढा आला की ओढ लागते आणि ट्रॅपमधलं पाणी शोषलं जाऊ शकतं. तिथेही मधली उघडी हवा कामाला येते.

निर्मळ

आणि एक नळी यात मिसळू नका. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची तांब्याची नळी वेगळी असते. सिस्टिमचा दाब ३ बारवर गेला की तो व्हॉल्व्ह उघडतो आणि उकळतं पाणी किंवा वाफ सोडू शकतो. जागा वाचवायला ती निचऱ्याच्या प्लॅस्टिक पाइपला जोडली तर पाइप वितळून वाकतो, आणि शेजारून जाणाऱ्या माणसाला भाजण्याचा धोका वेगळाच. व्हॉल्व्हची नळी स्वतंत्र, बाहेर, भिंतीकडे तोंड करून, जमिनीजवळ संपलेली हवी.

हेमगर्भ

आणि पाइप गोठलाच, तर लगेच काय करायचं?

पाणाडी

ओळखायचं असं: बॉयलर सुरू होताना पोटात गुडगुड, ज्योत लागते आणि विझते, मग लॉकआउटचा, म्हणजे बॉयलरनं स्वतःला बंद केल्याचा, कोड. पाणी मागे साचून ज्वलनकक्षापर्यंत पोचलेलं असतं.

बाहेरचा पाइप हातानं चाचपा. बहुतेक वेळा बेंडपाशी, झोळापाशी किंवा टोकाशी बर्फ असतो. टोकाकडून सुरुवात करून वर जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट असते. कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी पाइपला गुंडाळा. उकळतं पाणी नको, गार प्लॅस्टिक तडकतं आणि हातही भाजतो. शिडीवर चढून ओतण्याचा धोका पत्करू नका. हात पोचत नसेल तर तंत्रज्ञ बोलवा. पायवाटेवर सांडलेलं पाणी गोठून घसरायला होतं, त्यावर मीठ टाका. आग, ब्लो-लॅम्प अजिबात नाही.

पाइपातून पाणी पडायला लागलं की बॉयलर रीसेट करा. लगेच सुरू झाला नाही तर काही मिनिटं थांबून पुन्हा एकदा. तरीही नाही, तर बर्फ आणखी कुठेतरी आहे. रीसेटचं बटण सतत दाबत राहू नका.

त्या रात्रीपुरता उपाय म्हणून खोलीचा थर्मोस्टॅट खाली आणू नका. बॉयलर अधूनमधून थांबला की पाइपातलं पाणीही थांबतं. बॉयलरचं तापमान थोडं वाढवलं तर निचऱ्याचं पाणी कमी आणि जास्त गरम येतं. थंडी ओसरली की परत खाली आणा.

गारगोटी

शोषखड्डा आणि उदासीनीकरण, म्हणजे पाण्यातलं आम्ल मारणं, याबद्दल कुणी लिहील का? बागेच्या मातीत सोडलं तर झाडांना चालेल?

दगडफूल

झाडांना नको. आम्लता आहेच, शिवाय नायट्राइट-नायट्रेट आणि हीट एक्स्चेंजरमधून सुटलेले धातूचे अंश असतात.

शोषखड्डा करायचा तर इमारतीपासून निदान अर्धा मीटर दूर, आणि पायाकडून बाहेर उतरत्या जमिनीत. साधारण १०० मिमी व्यासाची, ३०० मिमी खोल, बाजूला भोकं पाडलेली नळी उभी पुरा, भोकं घराच्या विरुद्ध बाजूला. आत आणि भोवती चुनखडीच्या दगडाची खडी. खडी चुनखडीचीच आहे का, हे पाहायला तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर बरोबर. नदीतले गोटे किंवा ग्रॅनाइटची खडी फक्त जागा भरते. चिकण मातीत शोषखड्डा करू नका, पाणी मुरत नाही आणि पाइपात मागे येतं. करायच्या आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात मुरतं ते बघा.

उदासीनीकरणाचा डबा म्हणजे बॉयलर आणि गटार यांच्यामध्ये चुनखडी किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दाण्यांनी भरलेलं भांडं. घरगुती गॅस बॉयलरला तो सगळीकडे सक्तीचा नसतो. घरातल्या साबणाच्या, आंघोळीच्या पाण्यात हे पाणी पातळ होतं. पण जुनी बिडाची किंवा सिमेंटची गटार असेल, बॉयलर तेलाचा असेल, किंवा अनेक बॉयलरचं पाणी एकाच पाइपात येत असेल तर बसवाच. मलनिस्सारणाची स्थानिक नियमावली आधी पाहा.

लोकांना वाटतं खडी संपते म्हणून बदलायची. पीएच ४ च्या हजार लिटर पाण्यातलं तीव्र आम्ल मारायला कागदोपत्री ५ ग्रॅम चुनखडी पुरते. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याहून बरीच जास्त खडी खातो, तरीही डबा रिकामा होण्याआधी दुसरीच गोष्ट होते: दाण्यांवर गाळाचा थर बसतो, पाणी त्यांना स्पर्श न करता निघून जातं, किंवा डबा तुंबून पाणी बॉयलरकडे चढतं. म्हणून वर्षातून एकदा दाणे उपसून धुवा किंवा बदला आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला पीएचची पट्टी लावा. ६.५ च्या वर आलं तर डबा काम करतोय. बसवताना डब्याचं तोंड बॉयलरच्या ट्रॅपच्या तोंडापेक्षा खाली हवं. एकाच पातळीवर ठेवलेले डबे सुरुवातीला चालतात आणि थर बसल्यावर पाणी मागे सारतात.

गारगोटी

सेप्टिक टँक असेल तर?

दगडफूल

एका घराच्या गॅस बॉयलरचं पाणी टाकीतल्या एकूण पाण्याच्या मानानं फार थोडं असतं, जिवाणूंना त्यानं सहसा काही होत नाही. टाकी आणि तिच्याकडे जाणारा पाइप सिमेंटचा असेल तर पाणी जिथे पडतं ती जागा झिजते. तिथे प्लॅस्टिकचा तुकडा टाका किंवा उदासीनीकरणाचा डबा लावा.

शिशिर

तळघरातल्या बॉयलरसाठी पंप लागतो, त्याबद्दल कुणी लिहा.

पाणाडी

कंडेन्सेट (म्हणजे हेच निचऱ्याचं पाणी) उपसणाऱ्या पंपाची लिटर-दोन लिटरची छोटी टाकी असते. फ्लोट वर आला की पंप चालू, खाली गेला की बंद. लक्ष द्यायच्या जागा चार.

एअर कंडिशनरचा पंप वापरू नका. तो थंड, जवळजवळ शुद्ध पाण्यासाठी असतो. आम्लाला आणि उष्णतेला टिकेल असं पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या.

पंपाचा वीजपुरवठा कायम चालू असलेला हवा, बॉयलरच्या टायमरवर नाही. बॉयलर बंद झाल्यावरही पाणी ठिबकत राहतं.

पंपात आणखी एक, वरच्या पातळीचा सुरक्षा स्विच असतो. त्याच्या दोन वायरी बऱ्याच ठिकाणी मोकळ्याच लोंबतात. त्या पुस्तिकेप्रमाणे बॉयलरच्या थर्मोस्टॅटच्या मार्गात जोडून घ्या. पंप बंद पडून टाकी भरली की बॉयलर थांबतो, नाहीतर पाणी जमिनीवर. तपासायला पंपाचा प्लग काढा, टाकीत मगानं पाणी ओता, बॉयलर थांबला पाहिजे.

वर जाणाऱ्या बारीक नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तो गाळानं उघडा राहिला की चढलेलं पाणी परत टाकीत येतं आणि पंप दर मिनिटाला सुरू-बंद होतो. हा आवाज ऐकू आला की व्हॉल्व्ह काढून धुवा. नळी एका दमात सर्वांत उंच बिंदूपर्यंत नेऊन तिथून उतरती सोडा, मध्ये वळसे नकोत. तिचं शेवटचं टोकही थंडीत उघडं ठेवू नका, ती आणखी बारीक असल्यानं लवकर गोठते.

हेमगर्भ

शेवटचं विचारतो. नळी बादलीत सोडून मोजलं तर थंडीतही तासाला पाव लिटरच पाणी येतंय. पाइप मोकळा आहे. काही तुंबलंय का?

कातळ

आधी बॉयलर आतून कुठे ठिबकत नाही ना, आणि ट्रॅप वाहतोय ना, एवढं पाहून घ्या. ते ठीक असेल तर कारण बहुधा तापमानात आहे. बॉयलर ७५-८० अंशांवर लावलेला असेल तर परतीचं पाणी ५५ च्या वर येतं आणि बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते. त्याबरोबर ती वाफ घट्ट होताना मिळणारी उष्णताही जाते. रेडिएटरला जाणारं तापमान ५५-६० वर आणा, एक दिवस तसंच ठेवा, मग पुन्हा बादलीत मोजा. घर पुरेसं तापत असेल तर आणखी ५ अंश खाली. गरम पाण्याची टाकी वेगळी असेल तर तिचं तापमान मात्र ६० च्या खाली नेऊ नका, लिजिओनेला जिवाणूसाठी ती मर्यादा आहे.

पाणी वाढलं की पाइपचा उतार आणि बाहेरचं टोक पुन्हा एकदा तपासा. कमी पाण्यात न दिसलेला झोळ तेव्हा दिसतो.